उमरेडकर काका आणि ओटीतले डॉलर

अमेरिकेत, ओहायोतल्या डब्लिन गावच्या उमरेडकर काकांच्या घरातून रिकाम्या हाताने बाहेर पडलेला माणूस मी तरी पाहिला नाही. छपराच्या पन्हळी साफ करायला आलेला कामगार बेसनाचे लाडू घेऊन जायचा. विमा एजंट लिंबाचं लोणचं घेऊन जायचा. एकदा एक बाई धर्मप्रसाराची पत्रकं वाटत दारात आल्या, तर काकांनी त्यांना आत बसवून पोहे खाऊ घातले आणि निघताना हातात एक पाकीट ठेवलं, कारण त्या 'पहिल्यांदा घरी आल्या' होत्या. बिचाऱ्या देवाबद्दल बोलायला आल्या होत्या, काय बोलायचं तेच विसरून गेल्या. ऐकायला हे सगळं गोड वाटतं. मलाही वाटलं असतं, माझी नोकरी दुसरी असती तर.

मी ओहायोतल्या एका विद्यापीठाच्या क्रीडा विभागात काम करते. कुठलं ते विचारू नका, आधीच शोभा झालेली आहे. खेळाडूंना कोण काय देतं, कोण जेवायला नेतं, कोणाच्या गाडीतून ते हिंडतात, यावर नजर ठेवायची हे माझं काम. इंग्रजीत त्याला कंप्लायन्स म्हणतात, माझी आई चहाडखोरी म्हणते. आता काळ बदलला. बास्केटबॉल खेळणारी कॉलेजची पोरं उघड करार करतात, उघड पैसे घेतात आणि टीव्हीवर गाद्यांच्या जाहिराती करतात. मी सांगतेय ते त्याच्या थोडं आधीचं. तेव्हा नियम असा होता की जो मुलगा आमच्याकडे खेळायला येऊ शकतो त्याला किंवा त्याच्या घरच्यांना कॉलेजच्या देणगीदाराने काही म्हणजे काहीही द्यायचं नाही. पैसे नाहीत, जेवण नाही, गाडीतून सोडणंसुद्धा नाही. अर्थात टेबलाखालून सगळीकडे चालायचं. बूट बनवणाऱ्या कंपन्यांचे लोक द्यायचे, मोटारी विकणारे द्यायचे, आणि कोणाला पत्ता लागायचा नाही. आमच्या नशिबी उमरेडकर काका आले. ते आमचे जुने देणगीदार.

काका नागपूरचे, भुलीचे डॉक्टर. फार पूर्वी, इथे मराठी माणूस शोधावा लागायचा त्या काळात आलेले. ते सांगायचे की पहिल्या हिवाळ्यात हॉस्पिटलात त्यांच्याशी कामाखेरीज कोणी चकार शब्द बोलायचं नाही. मग त्यांनी एका वॉर्डबॉयला आदल्या रात्रीच्या मॅचबद्दल काहीतरी विचारलं आणि तो माणूस अर्धा तास बोलत राहिला. त्या दिवसापासून काका बास्केटबॉलचे झाले. पुढे पैसा आला तशा त्यांनी आमच्या कॉलेजात अगदी मैदानाला लागून दोन खुर्च्या कायमच्या घेतल्या. एकीवर काका, दुसरीवर नलूकाकू, विणकाम घेऊन. काका मॅच मराठीत बघायचे. "अबे पास दे ना बे, एकटाच काहून खाऊन राहिला," हे वाक्य आमच्या कॉलेजच्या पंचांनाही ओळखीचं झालं होतं, अर्थ न कळता.

माझी त्यांची पहिली भेट नियम समजावण्यासाठीच झाली. मी नोकरीला नवीन होते, उत्साह दांडगा होता. देणगीदारांच्या घरी जाऊन एकेक नियम समजावून सांगायचा असं मी ठरवलं. काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, मधूनमधून मानही डोलावली. मला वाटलं, वा, किती समजूतदार गृहस्थ. निघताना त्यांनी माझ्या हातात संत्रा बर्फीचा डबा दिला आणि वर एक पाकीट. मी पाकीट उघडलं तर आत एक्कावन्न डॉलर. मी म्हटलं, काका, तुम्हाला लाच देऊ नका हे सांगायला आलेल्या बाईलाच तुम्ही पाकीट देताय. त्यांना खरंच काही कळलं नाही. ते नलूकाकूंकडे बघून म्हणाले, "पुण्याची आहे ना पोट्टी. त्यांना द्यायचीही सवय नाही अन् घ्यायचीही." मी पाकीट टीपॉयवर ठेवून निघाले. घरी येऊन बघते तर ते माझ्या कोटाच्या खिशात. दुसऱ्या दिवशी पोस्टाने परत पाठवलं, तर फोन आला, की घरी येऊन परत दिलं असतंस तर जेवली तरी असतीस.

नंतरची काही वर्षं मी त्या माणसाशी भांडण्यात घालवली. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत भांडले, कोजागिरीला भांडले, एकदा तर किराणा दुकानात तुरडाळीच्या पोत्यांपाशी उभं राहून भांडले. त्यांचं म्हणणं कायम एकच. "तू मले सांग, दारात आलेल्या माणसाले काही दिलं तर त्यात गुन्हा कोणता झाला?" मी म्हणायचे, काका, तुम्ही दिलंत की ते पोरगं अडकतं, तुम्ही नाही. त्यावर ते हात झटकायचे. "तुमचे नियम ज्यानं लिहिले ना, त्याच्या आईनं त्याले कधी कोणाकडे जेवायला नेलं नसेल." मग मलाच कोणीतरी चहा आणून द्यायचं आणि विषय संपायचा. डोकं आपटून घ्यावंसं वाटायचं.

या सगळ्यात रिक होता. रिक आमचा सहायक प्रशिक्षक. गावोगावच्या शाळांमधून उंच, गुणी पोरं हेरायची आणि त्यांना आमच्याकडे यायला राजी करायचं हे त्याचं काम. माणूस तोंडाने इतका गोड की बोलता बोलता मुंगीलाही साखर विकेल. त्याने काकांना बरोबर ओळखलं होतं. त्यांच्याकडे जाऊन त्याने पैसे कधी मागितले नाहीत. तो जमिनीवर पाटावर बसून हाताने जेवायला शिकला, वरणभातावर तूप मागायला शिकला, नलूकाकूंना काकू म्हणायला लागला. आणि मग जाताना सहज सांगायचा, अमुक पोराच्या आईचं घरभाडं थकलंय, तमुकच्या भावाला दवाखान्यात ठेवलंय. काका आतल्या खोलीत जाऊन पाकीट घेऊन यायचे. ते पैसे त्या आयांपर्यंत पोचले की रिकच्या नव्या बोटीत गेले, ते देवालाच ठाऊक. काकांच्या मनात हे अडल्यानडल्याला मदत करणं होतं. रिकच्या मनात काय होतं, ते सांगायला मी कशाला हवी.

मग डॅरियस आला. टोलेडो शहरातला मुलगा, शाळेच्या शेवटच्या वर्षाला. दारातून आत येताना वाकावं लागायचं इतका उंच, आणि बोलायला अगदी लाजरा. त्याची आई लॉरेन शाळेची बस चालवायची. नवरा नव्हता, हा एकच मुलगा. कॉलेजची पूर्ण फी खेळावर माफ होणार होती, आणि ती झाली नसती तर तो कॉलेजात जाऊच शकला नसता, इतकं साधं गणित होतं. दोघं कॉलेज बघायला आले आणि रिकने त्यांना स्वतःच्या गाडीत घालून परस्पर उमरेडकरांच्या घरी नेलं. दिवस नेमके दिवाळीचे. काकांनी काय काय खाऊ घातलं ते सांगत बसत नाही. सवाष्ण काय, विधवा काय, नलूकाकू असला भेद कधी करत नसत. त्यांनी लॉरेनला पाटावर बसवलं, हळदीकुंकू लावलं आणि तिची ओटी भरली. साडी, खण, नारळ, तांदूळ, आणि त्यावर एक हजार एक डॉलरचं पाकीट. वरचा एक शुभ म्हणून.

इथवरही कदाचित निभावलं असतं. पण दुसऱ्या दिवशी नलूकाकूंनी त्याचे फोटो मंडळाच्या फेसबुक पानावर टाकले. लॉरेनच्या मांडीवर नारळ, कपाळाला कुंकू, मागे डॅरियस हातात चकली धरून उभा, आणि त्याच्या शेजारी काका, त्याच्या कोपराच्या उंचीचे. खाली हौसेने लिहिलं होतं की आपल्या टीमचा भावी हिरो आणि त्याच्या मातोश्री आमच्या घरी आल्या, डॉक्टरांनी ओटीत एक हजार एक डॉलर घालून आशीर्वाद दिला. त्याखाली मंडळाच्या लोकांचे हात जोडलेले आणि फुलं. सगळी दुनिया अंधारात, मोटारीच्या डिकीत, न्हाव्याच्या दुकानात नोटा सरकवते, आणि आमच्या माणसांनी नोटांचा आकडासुद्धा जगजाहीर केला. एका विरोधी कॉलेजच्या चाहत्याने ते शोधून काढलं, मशीनने त्याचं इंग्रजी करून घेतलं आणि कॉलेजच्या खेळांचे नियम करणाऱ्या संघटनेकडे थेट पाठवलं. तोवर डॅरियस शाळा संपवून आमच्याकडे दाखल झाला होता, सराव सुरू होता. एका सकाळी तो फोटो माझ्या टेबलावर येऊन पडला. मी नलूकाकूंची जांभळी पैठणी आधी ओळखली आणि मग खुर्चीत बसूनच राहिले.

डॅरियसचा खेळ त्याच दिवशी थांबवला. चौकशी समिती नेमली गेली. प्रश्न एकच होता, त्या घरी त्यांना नेलं कोणी? रिकने नेलं असेल तर चूक कॉलेजची, मुलाला काही मॅच बाहेर बसवून सोडून देतील. आई आपणहून पैसे घ्यायला गेली असेल तर मुलाची फीमाफी जाईल, म्हणजे कॉलेजच जाईल. रिकने शपथेवर सांगितलं की मी त्यांना हॉटेलवर सोडलं, पुढचं मला माहीत नाही. लॉरेनने सांगितलं की रिकनेच नेलं. पण ती आई, आणि तिने त्या पैशातून गाडीचे ब्रेक बदलून घेतले होते. समितीने तिला विचारलं, पाकीट बघून तुम्हाला शंका आली नाही का? ती म्हणाली, "त्या बाईंनी माझ्या मांडीवर नारळ ठेवला आणि कपाळाला बोट लावलं. मला वाटलं आमच्यासाठी प्रार्थना चालली आहे. प्रार्थना चालू असताना कोणी पाकीट उघडून बघतं का?" समितीतल्या लोकांनी ते लिहून घेतलं. त्यांच्या चेहऱ्यांवरून मला कळलं की त्यांना यातलं काही कळलेलं नाही.

म्हणजे सगळं आता काकांच्या साक्षीवर आलं. मी त्यांच्या घरी गेले. साक्षीत काय बोला हे सांगायची मला परवानगी नव्हती, फक्त तारीख आणि वेळ सांगायची होती. तेवढं सांगितलं आणि खरं ते सांगा म्हटलं. काका खिडकीबाहेर बघत होते. म्हणाले, मी दिले पैसे, मी सांगेन मी दिले, जी शिक्षा व्हायची ती मले होऊ दे. मी विचारलं, आणि रिक? ते म्हणाले, "त्याचं नाव माझ्या तोंडून निघणार नाही. माझ्या पानावर जेवलेला माणूस आहे तो."

माझं डोकं सटकलं. मी म्हटलं, काका, हा माणूस तुमच्या पानावर जेवला आणि तुमच्याच ताटात थुंकला. त्याने शपथेवर तुम्हाला उघड्यावर टाकलंय. एका बस चालवणाऱ्या बाईला तो पैसेखाऊ ठरवतोय. आणि तुम्ही कसला पाहुणचार घेऊन बसलात? मी बरीच बोलले. एवढ्या मोठ्या माणसाशी बोलू नये असंही बोलले, आणि मला त्याचं आजही वाईट वाटत नाही. काका मान खाली घालून ऐकत होते आणि नाही नाही म्हणत होते. चांगल्या माणसांचा हट्ट हा एक भयंकर प्रकार असतो. वाईट माणसाला निदान घाबरवता तरी येतं.

नलूकाकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, तो पोरगा अन् त्याची आई पण आपल्याकडे जेवलीच ना?"

काकांनी मला साक्षीची वेळ परत एकदा विचारली.

साक्षीला काका सूट घालून आले. रिक समोरच बसला होता, काकांनी त्याच्याकडे बघून आधी नमस्कार केला. मग सांगायला लागले. रिकने दोघांना गाडीतून आणलं, रिकनेच सांगितलं की यांना घरी जेवायला घाला, पैशाचं आईला काही माहीत नव्हतं. एवढ्यावर थांबायचं होतं. पण आता खरं सांगायचंच ठरलं म्हटल्यावर काका थांबतात कशाला? कोणी विचारलंही नव्हतं, तरी त्यांनी मागची सगळी पाकिटं सांगितली. कोणत्या पोराच्या आईचं भाडं, कोणाच्या आजीची औषधं, कोणाच्या बहिणीचं लग्न. मी कपाळाला हात लावला. आमच्या वकिलाने पेन खाली ठेवलं. कॉलेजच्या दोन वर्षांच्या जिंकलेल्या मॅच, ती पोरं त्यात खेळली म्हणून, नोंदीतून पुसल्या गेल्या, दंड झाला, आणि मला पुढचे कित्येक महिने सुट्टी मिळाली नाही. बाहेर आल्यावर काकांनी फक्त विचारलं, "पोट्टा खेळन ना?" मी म्हटलं, खेळेल. ते म्हणाले, मग झालं तर. घरी जाऊन त्या दिवशी ते जेवले नाहीत, असं काकूंनी मला नंतर सांगितलं. रिकचं नाव घेतलं म्हणून.

डॅरियसला काही मॅच बाहेर बसवलं आणि ओटीत मिळाली तेवढीच रक्कम एका धर्मादाय संस्थेला द्यायला लावली. ती लॉरेनने हप्त्यांनी दिली. रिकने राजीनामा दिला आणि वर्षाच्या आत आमच्यापेक्षा मोठ्या कॉलेजात दुप्पट पगारावर लागला. आणि काकांना कॉलेजने कायमचं तोडलं. देणगी नको, खुर्च्या रद्द, मैदानाच्या इमारतीत पाऊल टाकायचं नाही, कुठल्याही खेळाडूशी कसलाही संपर्क ठेवायचा नाही. संपर्क झाला तर तो खेळाडू पुन्हा बाहेर. ते पत्र मीच लिहिलं, कारण ते माझं काम होतं. काकांनी त्याची पोच म्हणून मला फोन केला आणि इंग्रजी चांगलं लिहितेस म्हणाले.

पुढे नियमच बदलले, तेव्हाची गंमत ऐका. खेळाडूंना पैसे द्यायला आमच्या गावात रीतसर एक निधी उभा राहिला, आणि तिथल्या एका पोराने जुन्या देणगीदारांच्या यादीतून काकांनाच फोन लावला. काकांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि नाही म्हणाले. मला आश्चर्य वाटलं. मी विचारलं, आता तर राजरोस देता येतंय, आता काय झालं? तेव्हा ते म्हणाले, "तो पगार झाला गं. पगार घेणारा कशाले येईल आपल्याकडे जेवायला?" मागच्या वर्षी ते गेले. अंत्यविधीला आलेल्या माणसांमध्ये अर्धे लोक असे होते की त्यांना तिथे कोणीच ओळखत नव्हतं. प्लंबर, पोस्टमन, कोणकोण.

पण त्यांची आठवण निघाली की माझ्या डोळ्यांसमोर त्यातलं काही येत नाही. येते ती त्या हिवाळ्यातली शनिवार दुपार, डॅरियस शिक्षा संपवून पहिल्यांदा खेळला ती. मॅच सुरू व्हायच्या आधी मी पार्किंगमध्ये काकांची करडी गाडी पाहिली. जवळ जाऊन बघितलं तर काका-काकू दोघं आत, मांडीवर शाल, रेडिओ चालू. मी म्हटलं, काका, पार्किंगसुद्धा आवारातच येतं. तुम्ही इथे थांबू शकत नाही. मला वाटलं आता वाद घालतील, आता म्हणतील गाडीत बसायला कोणाच्या बापाची परवानगी. त्यांनी गाडी काढली, रस्ता ओलांडला आणि समोरच्या डोनटच्या दुकानापुढे जाऊन उभी केली. मैदानाकडे तोंड करून.

डॅरियस फार सुंदर खेळला. मॅच संपली, बाहेर बर्फ भुरभुरत होतं. मी दारात उभी होते. त्याला कोणी सांगितलं कोण जाणे, बहुतेक लॉरेननेच ती गाडी पाहिली असेल. तो खेळाच्या कपड्यांवरच जॅकेट चढवून बाहेर आला, माझ्या शेजारून गेला आणि रस्त्याकडे धावत सुटला. मागून लॉरेन, आणि तिच्या मागे मी, रस्त्याच्या कडेपर्यंत. मला ओरडून त्याला थांबवायला हवं होतं, मी तोंड उघडलंसुद्धा. तेवढ्यात समोरच्या गाडीचे दिवे लागले.

काकांनी त्याला बघितलं होतं. नलूकाकू त्यांचा हात धरून काहीतरी सांगत होत्या, ते मला काचेतून दिसत होतं. डॅरियस गाडीपाशी पोचला, वाकला, काचेवर टकटक केलं. काका समोर बघत राहिले. दोन्ही हात स्टिअरिंगवर, मान ताठ. त्यांनी काच खाली केली नाही, हात हलवला नाही, त्याच्याकडे मान वळवूनही पाहिलं नाही. गाडी मागे घेतली आणि निघून गेले. पोरगा बर्फात उभा राहिला. काकू मात्र मागच्या काचेतून वळून बघत होत्या, वळण येईपर्यंत.

डॅरियस परत आला आणि मला विचारायला लागला, की त्यांचा माझ्यावर राग आहे का? त्या माणसाची मला इतकी चीड आली होती आणि इतकं रडू येत होतं. इतकी वर्षं मी त्यांच्यापुढे हात जोडले, काका, एक, निदान एक तरी नियम पाळा म्हणून. आणि पाळायला त्यांनी नेमका हा निवडला.